घोरण्याची नक्कल

सलूनवाल्याची एक नक्कल गल्लीभर प्रसिद्ध होती: बायकोच्या घोरण्याची. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासला की स्वारी सुरू. आधी बारीक खर्रखर्र, मग मोठी, मग एकदम सामसूम. सगळं दुकान कान टवकारून बसायचं. मग डोळे वटारून तो असा काही खर्रकन श्वास ओढायचा, की हसून हसून लोकांची पुरेवाट व्हायची. वस्तरा मात्र आधीच बाजूला धरलेला असायचा. गिऱ्हाइकाची एवढी काळजी त्याला होती. बायको डबा घेऊन आली तरी नक्कल थांबत नसे. पुढे पुढे ती डबा दाराशीच ठेवून जाऊ लागली.

आता तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याआधीची तपासणी करत होत्या.

"झोपेत घोरता का हो?"

"छे, मुळीच नाही," बायको म्हणाली. मान खाली, कान लालेलाल.

"श्वास अडकतो का मध्येच? असेल तर सांगा हं. अशा माणसाला भूल आणि नंतरची दुखण्याची औषधं फार जपून द्यावी लागतात. आम्हाला ठाऊकच नसेल, तर जिवावर बेतायचं."

"नाही म्हटलं ना!"

तिनं खालमानेनंच नवऱ्याकडे पाहिलं. इथे तरी नको, असं ती नजर विनवत होती. जन्मभर नको तिथे चुरूचुरू चाललेली त्याची जीभ आता टाळ्याला चिकटली.

"घोरते," तो कसाबसा म्हणाला. "आणि मध्येच श्वास थांबतो तिचा."

"किती वेळ?"

सांगता येईना. शेवटी त्यानं करूनच दाखवलं. बारीक, मोठी, सामसूम. बाईंची नजर घड्याळावर. कुणी हसलं नाही. श्वास ओढताना त्याला स्वतःचीच किळस आली.

"पंधरा सेकंद. वाढवून तर नाही ना दाखवलंत?"

"नाही बाई, कमी करतो," तो पुटपुटला. "खरं तेवढं थांबलं, तर लोक कंटाळतात."

बाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि आधी झोपेची तपासणी लिहून दिली.

बायकोनं पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हणजे तुम्ही जागे असायचात? आणि मला हलवून उठवलंही नाहीत?"

नक्कल नीट बसवायची होती, हे तो कोणत्या तोंडानं सांगणार होता?