उभ्या गाडीतला कॅमेरा

"वहिनी, फिरवा चावी... रावा, रावा. पुरे."

गुरुदासने बॉनेटखालून मान बाहेर काढली. चावी फिरवली की गाडी नुसती टकटक करत होती, इंजिन काही उठत नव्हते. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तो पेडण्याच्या बाजारातले आपले दुकान बंद करून सत्यवतीच्या अंगणात आला होता. गाड्यांची वायरिंगची कामे तो वीस वर्षे करत होता, आणि ही टॅक्सी तर तिच्या नवऱ्याने, सखारामने, घेतल्यापासून त्याच्याच हाताखालची. त्याने मीटरच्या पिना बॅटरीला लावल्या.

"अकरा पॉईंट पाच. साडेबाराच्या वर जाय. बॅटरी बरी आसा, चार्जिंग बरां आसा. मग हिचां रगत पिता कोण?" त्याची नजर समोरच्या काचेकडे गेली. आरशाच्या मागे चिकटवलेल्या कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत होता. "हो कॅमेरो तुमी बंदच करनात?"

"ना."

"गाडी उभी आसताना कित्याक तो? चोर येतत?"

सत्यवतीने मागे वळून पाहिले. घरापुढच्या सोप्यावर सखाराम बसला होता. शर्टाची बटणे वरपासून खालपर्यंत लावायची, मग खालून वर काढायची, असे त्याचे चालले होते.

"चोर येना रे," ती हळूच म्हणाली. "घरातलां मनीस भायर जाता."

सखारामने तीस वर्षे मांद्र्याला पर्यटकांची टॅक्सी चालवली. भाड्याच्या स्कूटरवरचा एक पर्यटक त्याला येऊन धडकला आणि वर त्याच्याच नावाने ओरडला, तेव्हा त्याने हट्टाने कॅमेरा बसवून घेतला होता. वर्षभरात तो रस्ते विसरू लागला. मग माणसे. डॉक्टरांनी पणजीला तपासून सांगितले की हे आता असेच उतरत जाणार. सत्यवतीने चावी डाळीच्या डब्यात लपवली आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ती स्वतः गाडी शिकली. मूलबाळ नव्हते. ती गावच्या पंचायतीत क्लार्क, नोकरीची चार वर्षे उरलेली. दुपारी शेजारची तारा येऊन सखारामला जेवू घाली, तीनपर्यंत बसे. त्यानंतर तो आणि कडी लावलेले फाटक.

ही कडी कधी निघायची, कधी नाही. म्हणून सत्यवती बसने कामाला जायची आणि गाडी फाटकाकडे तोंड करून ठेवायची. तो बाहेर पडलाच, तर डावीकडे गेला की उजवीकडे, एवढे कॅमेरा सांगायचा. दोनदा त्यामुळे तो लगेच सापडला. तिसऱ्यांदा कॅमेऱ्याने उजवीकडे दाखवले, पण गाडी सुरूच झाली नाही. ती दोन किलोमीटर धावत गेली. सखाराम चपला नसलेल्या पायांनी काजूच्या बागेत उभा होता आणि तळव्यांतून रक्त येत होते.

हे ऐकून गुरुदासने मीटर पिशवीत टाकला.

"आयतवारीच तेवढी चालवतात न्ही गाडी? मग बॅटरी भरतली कशी? कॅमेरो आठवडोभर खाता." दुसऱ्या दिवशी तो एक छोटी काळी डबी घेऊन आला. तिच्या तीन वायर त्याने स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या पेटीत आणि बॉडीला जोडल्या. "आता बॅटरी बारा पॉईंट दोनच्या खाली गेली काय कॅमेरो आपसूक बंद. गाडी सुरू जावपापुरती ताकद उरता."

"म्हणजे कॅमेरो बंद पडतलो?"

"वहिनी, कोण तरी एक बंद पडतलोच. दोनय चालू जाय तर रोज अर्धो-पाऊण तास गाडी पळवा. तितक्यान भागता."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती सखारामला शेजारी बसवून मांद्र्याच्या दिशेने निघू लागली. पहिले काही दिवस केवळ बॅटरीसाठी. मग तिच्या लक्षात आले की गाडीत बसला की सखारामचे हात बटणांवर जात नाहीत. वळणाआधी तो म्हणायचा, "गियर कमी कर गो." उतारावर म्हणायचा, "पाय काढ क्लचवयलो." लग्नाला एकतीस वर्षे झाली होती. पहाटे निघालेला नवरा दिवस मावळल्यावर यायचा, जेवायचा, झोपायचा. इतका वेळ तो तिच्या शेजारी कधी बसला नव्हता.

नोव्हेंबरात सत्यवतीला ताप आला. पाच दिवस गाडी जागची हलली नाही. सहाव्या दिवशी ती कामावर गेली. चारच्या सुमारास तिने घरी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. ती साहेबांना सांगून निघाली.

फाटक उघडे होते. सोपा रिकामा. तिने गाडीत बसून चावी अर्धी फिरवली आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर शेवटचे चित्रण लावले. तीन वाजून सात मिनिटे. सखाराम गाडीपुढे उभा होता. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणे लावलेली, केस ओले करून विंचरलेले. तो बॉनेटवरून हात फिरवत फाटकाकडे वळला. कडीला हात घातला. आणि तिथे चित्र संपले.

डबीने आपले काम केले होते.

सत्यवतीने चावी पूर्ण फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. पण गाडी फाटकाबाहेर काढून ती थांबली. डावीकडे की उजवीकडे? हा माणूस तयार होऊन कुठे जाईल? तिने डोळे मिटून पाहिले, पण सखारामचा दिवस कसा असायचा, कुठे चहा प्यायचा, कोणापाशी मन मोकळे करायचा, यातले तिला काहीच ठाऊक नव्हते. कधी विचारलेच नव्हते.

ती मांद्र्याला गेली. टॅक्सीस्टँडवरच्या ओंकारने मान हलवली. "सखादादा? ना हो काकी. वर्स जालां दिसूंक ना." काजूची बाग झाली. देवळाची पायरी झाली. तिन्हीसांज होत आली तेव्हा गावात परतताना तो तिला दिसला.

पंचायतीच्या समोर, बसस्टॉपच्या बाकावर. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखा ताठ.

तिने गाडी कडेला लावली आणि धावत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. धाप लागली होती. सखारामने वर पाहिले. ओळख पटली नाही, पण तो अदबीने हसला.

"कोणाची वाट बघतात?" तिने विचारले.

"आमच्या घरची हंय कामाक आसा," त्याने समोर बोट दाखवले. "सुटता आत्ता. रोज बशीन येता बिचारी. म्हटलां, आज आपण न्हेवया."

पंचायतीच्या दाराला कुलूप होते. शिपायाने ते कधीच लावले होते; सखाराम आडवाटेने चालत इथे पोचला तोवर ती चारच्या बसने निघून गेली असणार. इतक्या वर्षांत सखाराम तिला न्यायला एकदाही आला नव्हता. पावसात नाही, तिचा पाय मुरगळला तेव्हा नाही. त्या वेळी मांद्र्याला भाडे असायचे.

'अहो, मीच ती,' हे तिच्या ओठांवर आले. पण मागे एकदा तसे म्हटल्यावर तो भेदरून कोपऱ्यात जाऊन बसला होता.

सखारामने बाकावरची धूळ तळहाताने झाडली आणि थोडा सरकला.

"बसा तुमी."

तुमी. आजवर तो तिला कधी असे म्हणाला नव्हता. ती बसली.

"तुमीय कोणाक बघतात?" त्याने विचारले.

"घोवाक."

"येतलो," सखाराम म्हणाला. "उशीर जाता कदी कदी. काळजी करू नकात."

पेडण्याची बस आली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. कंडक्टरने दारातून वाकून दोघांकडे पाहिले. सत्यवतीने काही म्हणायच्या आत सखारामने हात वर केला.

"जावा तुमी," तो म्हणाला. "आमची माणसां येवपाची आसत."

बस निघून गेली. त्याने कॉलर नीट केली आणि पुन्हा त्या दाराकडे बघत बसला. तीही बसून राहिली.