टेपवर आहे तसं

मित्रांनो, कपाटाचं दार बंद आहे, त्यामुळे माझा आवाज जरा दबका येईल. मी एक जुना टेपरेकॉर्डर. बोईसरच्या एका व्यवस्थापन संस्थेच्या लोखंडी कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली मी पडून आहे. पोटात एक कॅसेट अडकली आहे आणि सेलांना पाणी सुटलं आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे आता कुणालाच आठवत नाही. तेव्हा माझी हकीगत ऐकून घ्या. मला तरी दुसरं काय काम आहे?

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. तिथून बोटीने मस्कतला आलो आणि एका दुकानात काचेमागे रुबाबात बसलो. काकडेसर तेव्हा मस्कतला स्टोअरकीपर होते. देशात परतताना त्यांनी मला विकत घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि विमानात मांडीवरून खाली ठेवलं नाही. बोईसरच्या त्यांच्या खोलीत माझ्यासाठी लोकरीचं विणलेलं झाकण आलं. शेजारपाजारचे लोक मला बघायला यायचे. गणपतीच्या मांडवात मूर्तीखालोखाल मान माझा असायचा. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा थोडा शेफारलोच होतो.

पुढे नव्वदीच्या सुरुवातीला ही संस्था निघाली. दिवसा तारापूरच्या कारखान्यांत नोकरी करणारी मुलं संध्याकाळी इथे एम.बी.ए. शिकायला येऊ लागली. आखाती देशांतल्या कंपन्याही माणसं निवडायला बोईसरपर्यंत पोचल्या. काकडेसर इथे शिकवायला लागले होते. ते परदेश बघून आलेले, म्हणून परदेशी मुलाखतीच्या तयारीचा वर्ग आपोआप त्यांच्या गळ्यात पडला, आणि त्यांच्यापाठोपाठ माझ्याही. लोकरीचं झाकण घरी राहिलं आणि मी वर्गातल्या टेबलावर आलो. त्या वर्गात परदेशातून आलेले सर आणि मी, दोघंच होतो. बाकी सगळ्यांना तिकडे जायचं होतं.

सर मनाने फार चांगले. पोरांचं भलं व्हावं म्हणून जीव टाकायचे. पण त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. त्यांनी एक आदर्श उत्तर तयार केलं, माझं लाल बटण दाबलं आणि ते उत्तर स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं. 'स्वतःविषयी सांगा' असं साहेबाने म्हटलं की हे बोलायचं. सुरुवात होती, 'आय कम फ्रॉम अ बिझनेस फॅमिली.'

"साहेबाला धंदेवाल्या घरातली माणसं आवडतात," सर म्हणाले. "टेपवर आहे तसं म्हणायचं. मी जिथे थांबतो तिथे थांबा. मी जिथे श्वास घेतो तिथे श्वास घ्या. काना-मात्रेचा फरक मला चालणार नाही."

आता सरांच्या गालात सुपारीचं खांड कायम असायचं. त्यामुळे 'फ्रॉम अ' म्हटल्यावर ते जोरात खाकरले, आणि मग 'बिझनेस फॅमिली' आली. मी यंत्र. मला 'नमस्कार' आणि 'खर्र' यांत फरक करता येत नाही. जे कानावर पडलं ते सगळं मी टेपवर उतरवलं.

वर्गात घिवली गावची सुगंधा होती. दिवसा एका केमिकल कंपनीत टायपिंग करायची, संध्याकाळी वर्गात यायची. डहाणूकडच्या डोंगरातला देवू होता. आश्रमशाळेत शिकून इथवर पोचलेला, अबोल मुलगा. दोघंही नेटाने पाठ करायचे. लवकरच मस्कतच्या एका पेढीची मुलाखत होती, आणि विशेषतः सुगंधाला ती नोकरी हवीच होती. तिच्या काकाने तिला सांगून टाकलं होतं, की मस्कतची नोकरी मिळाली तर खुशाल जा, नाही तर होळीनंतर दांडी गावच्या स्थळाला होकार. ते स्थळ तिला नको होतं. त्या मुलाच्या घरात सुनेने बाहेर कामाला जायचं नाही, अशी अट होती.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी ती मला घरी घेऊन गेली. अंगणात सुकं म्हावरं, म्हणजे सुकी मासळी, पसरलेलं होतं. तिची आई बायडी त्यावरचे कावळे हाकत बसली होती आणि सुगंधा मला परत परत वाजवून सरांच्या सुरात सूर मिळवत होती.

"काय बोलतंय गो ता?" बायडीने विचारलं.

"आपलं बिझनेसवालं घर हाय, असं."

"बिझनेस कंचा? मी म्हावरा इकतां बाजारात."

"तेच गं."

"मंग म्हावराच सांग ना. त्यात लाजायचं काय हाय?"

सुगंधाने माझी टेप मागे घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला त्या बाईला सांगावंसं वाटलं, की बये, माझंही असंच आहे. मला केवढा मोठा आवाज दिलाय, पण त्यातला एक शब्दही माझा नाही. पण सांगणार कसं? माझ्या पोटात जे घालतील तेवढंच माझ्या तोंडातून निघतं.

मुलाखतीला मस्कतहून कुरियनसाहेब आले. मासळी आणि किराणा यांचा मोठा व्यापार असलेल्या पेढीचे ते मॅनेजर होते. पुढच्या वर्गाला ऐकवायला मुलाखती भरून घ्याव्यात, म्हणून सरांनी मला टेबलावरच चालू ठेवलं होतं. खिडकी उघडी होती आणि कारखान्यांकडून तो नेहमीचा उग्र वास येत होता. आम्हा बोईसरकरांना तो जाणवतही नाही, पण साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

पहिला देवू आत आला. 'आय कम फ्रॉम अ' म्हणाला, खाकरला आणि 'बिझनेस फॅमिली' म्हणाला. दुसरा आला, तोही खाकरला. तिसरा आला, तो तर सरांपेक्षा सुरेख खाकरला. साहेबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे पाहिलं. आणखी दोघं झाल्यावर त्यांनी पेनला टोपण लावलं.

"प्रोफेसर, यहाँ सबकी छाती खराब है क्या?" ते सरांना म्हणाले. "उधर मेडिकल बहुत कड़क होता है. एक्सरे में एक भी पास नहीं होगा."

"नाही साहेब, तसं काही नाही," सर घाबरून म्हणाले आणि स्वतःच खाकरले. आपल्याच खाकरण्याने पोरांचा घात केलाय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ज्याचं त्याला कुठे ऐकू येतं! मी मात्र टेबलावर बसून तळमळत होतो. सगळा पुरावा सरांच्या खणातल्या कॅसेटवर होता आणि माझी चाकं भलतीच कॅसेट फिरवत होती.

शेवटची सुगंधा आली. तिने सुरुवात केली, आणि नेमक्या जागी तिच्याही घशातून तो आवाज निघाला. साहेबांनी हात वर केला. "बस. तुमको भी?"

सुगंधाचा चेहरा पांढरा पडला. तिने सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. क्षणभर तिचा धीर होईना, कारण खरं दाखवायचं तर सरांची अब्रू जाणार होती. मग तिने खण उघडला, आदर्श उत्तराची कॅसेट काढली, माझ्यातली बदलली आणि बटण दाबलं. सरांचा आवाज खोलीत घुमला, पाठोपाठ ते प्रसिद्ध खाकरणंही.

कुरियनसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सर मान खाली घालून उभे होते. मला त्यांची फार दया आली.

"अच्छा. अब अपना बोलो," साहेब म्हणाले. सरांनी, निव्वळ हाताच्या सवयीने, मुलाखतींची कॅसेट परत माझ्यात घातली आणि लाल बटण दाबलं.

सुगंधा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलली. मी तुम्हाला तिच्या बोलीत सांगतो. "माजी आई बोईसरच्या बाजारात सुका म्हावरा इकते. बिझनेसवाली फॅमिली आमची नाय. पाटी डोक्यावर घेऊन ती पहाटे निघते. मी लहान असल्यापासून तिच्याबरोबर बसलेय. गिऱ्हाईक कसा बोलतो, कवा उठून जातो, कवा परत येतो, ते मला कळतं. मला खोकला नाय, साहेब. मला काम पायजे."

तिची निवड झाली. बाकीच्यांना साहेबांनी पुन्हा बोलावलं नाही, त्यांना गाडी गाठायची होती. सुगंधा मस्कतला गेली, दांडीचं स्थळ बारगळलं, आणि बायडीने वर्गात वाटायला पेढे पाठवले. मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी आज हसतमुखाने या कपाटात पडलो असतो.

पण सर खूश होते. त्यांना वाटलं, आता गुरुकिल्ली सापडली. पुढच्या वर्षी त्यांनी सुगंधाची कॅसेट वर्गात लावली. "ऐका," ते म्हणाले, "अस्सल उत्तर कसं असतं ते. पाठ करा." आणि माझं काम पुन्हा सुरू झालं. रोज संध्याकाळी मी सुगंधाच्या आवाजात तिच्या आईची पाटी वर्गभर फिरवत होतो आणि पोरं माझ्यामागून म्हणत होती. जिथे सुगंधाचा आवाज बारीक झाला होता, तिथे पोरंही आवाज बारीक करत. मी टेप अडकवायचा प्रयत्न करून पाहिला, पण माझा रबरी पट्टा तेव्हा अजून धड होता.

देवू पुन्हा प्रयत्न करायला त्या वर्गात बसला होता. या वेळी दुबईचे साहेब आले. देवू आत गेला आणि एकही अक्षर न चुकता म्हणाला, की माझी आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते, पहाटे पाटी डोक्यावर घेऊन निघते, मी लहान असल्यापासून तिच्याबरोबर बसलोय.

साहेबांना ते आवडलं. "अजूनही जाते का आई बाजारात?" त्यांनी विचारलं.

टेपवर याचं उत्तर नव्हतं. देवू थांबला. मग हळूच म्हणाला, "येस सर."

सरांच्या हातातला कप तसाच राहिला. देवूची आई सोमी तो पहिलीत असताना तापाने गेली होती, हे वर्गात फक्त त्यांना माहीत होतं. प्रवेशाच्या वेळी देवूनेच त्यांना सांगितलं होतं. साहेब गेल्यावर त्यांनी देवूला जवळ बसवलं.

"देवू, अरे, तुझी आई तर..."

"टेपवर हाय ना, सर," देवू म्हणाला. "तुमी सांगितलं, तसंच बोललो."

साहेबांना उत्तर आवडलं, तरी देवूची निवड झाली नाही. ती झाली असती, तरी सरांना त्या दिवशी घास गेला नसता. त्यांनी माझं बटण बंद केलं, कॅसेटसकट मला या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. नंतर त्यांनी तो वर्गही सोडला.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याचे सेल वेळेवर काढून ठेवा, त्याचं हेड मऊ कापडाने पुसा. आमची काळजी एवढीच. पण आमच्याकडून दुसऱ्याचं बोलणं उसनं घेऊन कुणाच्या तोंडी घालू नका. देवू आता कुठे आहे मला ठाऊक नाही. तो तुम्हाला भेटलाच, तर त्याला विचारा, की तुझी आई कशी होती रे? आणि तो बोलायला वेळ लावेल. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.