दोन नळीची नोकरी

शुक्रवार पेठेतल्या एका पतसंस्थेच्या दारात संगप्पा बावीस वर्षं बंदूक घेऊन उभा होता, आणि ती बंदूक संस्थेची नव्हती, त्याची स्वतःची होती. गावाकडं मैंदर्गीच्या रानात डुकरं हाकायला त्याच्या बापानं घेतलेली, दोन नळीची, लायसनची. हे तो पहिल्या भेटीतच सांगून टाकायचा, कुणी विचारो न विचारो. "पोलिसाची बंदूक सरकारची, माझी माझ्या बापाची," म्हणायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. जावयाचा तोरा परवडला, संगप्पाच्या बंदुकीचा नको, असं गल्लीतले लोक म्हणत.

आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. मॅनेजर म्हणाला, "लायसन पोराच्या नावावर करा, सोमवारपासून त्याला उभं करा. जागा घरातच राहील." संगप्पाला आभाळ ठेंगणं झालं. पण पोरगा ऐकेल तर शपथ. एकवीस वर्षांचा गुरू सैन्यात निवडला गेला होता. सोमवारीच त्याला ट्रेनिंगला निघायचं होतं, आणि पुढं पॅरा कमांडो व्हायचं होतं, म्हणजे विमानातून उड्या मारणारा.

संगप्पानं लई डोकं चालवून तोडगा काढला. जागा गेली तर गेली, पण पोरानं जाताना घरची बंदूक न्यावी. ज्याची स्वतःची बंदूक, त्याला नोकरीवरून कोण काढणार? शनिवारी सकाळी ड्युटीला जाता जाता तो बंदुकीसकट मैदानावर गेला. रिटायर सुभेदार जोतीराम तिथं गुरूसारख्या पोरांना फौजेच्या भरतीसाठी पळवायचे.

"सुभेदारसाहेब, कमांडोला ड्युटीवर सोताचं हत्यार चालतंय का?"

पोरं फिदीफिदी हसली. जोतीराम हसले नाहीत. "नाही चालत, मामा. बंदूक फौज देते, नंबर घालून. काम झालं की परत हत्यारांच्या खोलीत जमा. घरचा साधा चाकूसुद्धा चालत नाही."

"म्हंजे कमांडोनं रोज मागून घ्यायची आन् रोज परत द्यायची?" संगप्पाला खरंच पटेना. "आमच्याकडं पाव्हण्याची सायकल अशी वापरत्यात की."

पोरं पुन्हा हसली. गुरू घामानं निथळत पुढं आला. "गप बसा रे," त्यानं पोरांना दटावलं. मग बापाला म्हणाला, "अप्पा, न्हाय नेता येणार मला."

"मग तू बी न्हाय जायाचं. घरची बंदूक न्हाय, तर घरचं पोरगं बी न्हाय."

"जाणार." गुरूचा आवाज चढला नाही. "मारा, घराभायेर काढा, सोमवारी मी जाणार. पतसंस्थेतली नोकरी तुमाला न्हाय, अप्पा, बंदुकीला हाय. तुमी तिला रोज खांद्यावर घालून पोचवताय. माझ्या हातात काय नसताना फौजेनं मला घेतलंय, पळवून पळवून बघून."

संगप्पाच्या मस्तकात तिडीक गेली. बापाच्या तोंडावर, तेही चार लोकांत! धुसफुसतच तो पतसंस्थेत पोचला आणि थेट मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहिला.

"पोरगा यायचा न्हाय म्हणतोय, साहेब. पर माझा एक डोळा चांगला हाय. मीच उभा ऱ्हातो की."

मॅनेजरनं चहाच्या कपावरून नजर वर उचलली नाही. "पोरगा नसला तरी चालेल हो. तुम्हीही आता घरी आराम करा. बंदूक तेवढी राहू द्या. कागदपत्रांचं बघू काहीतरी, दुसरा माणूस उभा करू."

पुढं आणखी काहीतरी बोलणं येईल म्हणून संगप्पा थांबला. बावीस वर्षांबद्दल एखादा शब्द तरी. पोरीच्या लग्नादिवशीसुद्धा तो दुपारपर्यंत त्या दारात उभा होता. मॅनेजरनं फोन उचलला आणि दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागला. संगप्पाला आधी लाज वाटली, मग सणसणून राग आला. पोरगं खरं बोललं होतं, हे तर सगळ्यात जास्त झोंबलं.

त्यानं खटका सोडून बंदुकीच्या नळ्या खाली झुकवल्या, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि बंदूक पुन्हा खांद्याला अडकवली.

"लायसन माझ्या नावावर हाय, साहेब. मी चाललो, ही बी चालली."

"अहो, संध्याकाळपर्यंत तरी थांबा. दारात कोण उभं राहील?"

"खुर्ची ठिवा," संगप्पा म्हणाला.

तिथून तो सरळ पोलीस ठाण्यात गेला आणि बंदूक जमा करून पावती घेतली. घरी चालत येताना त्याचा उजवा खांदा उगीचच वर उचलला जात होता.

बायकोनं, नागम्मानं, त्याला रिकामा बघून दारातच अर्ध्या कानडीत हटकलं, "एनात्री, काय झालं? बंदूक कुटं हाय?"

"जमा केली."

गुरू आत भिंतीला पाठ लावून उभा होता, भांडणाच्या तयारीनं. संगप्पानं त्याच्याकडं बघितलं नाही. खाटेवर टेकला, पाणी प्याला आणि बायकोला म्हणाला,

"सोमवारची त्याची पिशवी भर. कडक भाकरी घाल, शेंगाची चटणी घाल. पर कांदा कापायची सुरी बी घालू नको त्यात. त्याला लागंल ते हत्यार फौज देणार हाय."