मोटर नसलेला लेथ

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो, आणि मला भयंकर राग आलेला आहे. आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो. सांगतो, पण रागासकट ऐकून घ्यावे लागेल.

माझे धड ओतीव लोखंडाचे आहे. मला हलवायला आठ माणसे लागतात. काम मात्र साधे. लोखंडाचा दांडा माझ्या जबड्यात आवळायचा, गरगर फिरवायचा आणि धारदार हत्याराने तासून त्याला हवा तो आकार द्यायचा. जगातले निम्मे स्क्रू, पुली आणि चाकांचे आस माझ्या भाऊबंदांनी घडवले आहेत. ही बढाई नाही, हिशेब आहे.

सव्वीस वर्षे मी एका जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये राबलो. वर पत्रे, भिंतींना पोपडे. तिथल्या सरांना मुले पाठीमागे ‘मायक्रोमीटर’ म्हणत, कारण केसाएवढी चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. “कान आहेत ना तुला? मशीन बोंबलतंय, ऐकू येत नाही?” असे ते ओरडत. एका मुलीचा जॉब, म्हणजे घडवायला दिलेला तुकडा, सात वेळा बिघडला. आठव्यांदा जमला, तेव्हा तिने तो गरम तुकडा रुमालात गुंडाळून घरी नेला. ती गेल्यावर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढे कौतुक मला पुरत असे.

पुढे तिथे नवी यंत्रे आली आणि मला एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. त्याने माझी मोटर काढून दुसऱ्या कुणाला तरी बसवली. उरलेल्या मला शहराबाहेरच्या एका नव्या कॉलेजने नेले. मला वाटले, आता नवी मोटर मिळेल. मिळाला निळा रंग! मला स्वागतकक्षाच्या शेजारी, काचेच्या दालनात, गुळगुळीत फरशीवर उभे केले आणि वर पाटी लावली: ‘आधुनिक यंत्रशाळा’. दुसरे वर्कशॉप त्या इमारतीत नव्हतेच. मीच ते वर्कशॉप! सहा वर्षे पालक येत, माझ्याकडे बघून माना डोलवत आणि प्रवेशाच्या अर्जावर सही करून जात. मी आतल्या आत जळत असे. पण लोखंडाला तोंड नसते.

मग प्रवेशाच्या दिवसांत, एका दुपारी तिघे आले. एक मुलगी, तिची आई आणि मामा. मुलीचे नाव माझ्या जुन्या आणि या नव्या अशा दोन्ही कॉलेजांच्या यादीत लागले होते. जुने कॉलेज तिची जागा पाच वाजेपर्यंतच राखून ठेवणार होते. पण मामाने सकाळीच इथे तिची मूळ कागदपत्रे जमा करून टाकली होती. मुलगीही खूश होती. आई मात्र थेट माझ्याकडे आली. ती पंपांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षे लेथ चालवत होती, हे मला तिने हात ठेवताच कळले. असा हात मला सहा वर्षांत लागला नव्हता.

“चालू करून दाखवता का?” तिने विचारले.

प्रवेश विभागाचा टाय लावलेला माणूस हसला. “आज लाइट नाहीये, मॅडम.”

वर वीस दिवे जळत होते.

“आई, पुरे गं,” मुलगी पुटपुटली. “तुला कॉलेजातलं काय कळतं? उगाच हसं करू नकोस.”

आईचा चेहरा उतरला. पण ती माझ्या मागे गेली, खाली बसली आणि तिने माझे मागचे झाकण ओढले. आत मोटर नव्हती, वायर नव्हती. होती फक्त जळमटे आणि कुणीतरी कोंबलेले चहाचे कागदी कप.

“कॉलेजातलं नाही कळत मला,” आई म्हणाली. “पण हे कळतं. ये, बघ. बडा घर, पोकळ वासा.”

मुलगी वाकून बघत राहिली. मग ताडकन उठली. “हे चालतच नाही? मग ठेवलंय कशाला?”

“आमची मुलं स्क्रीनवर शिकतात,” टायवाला म्हणाला. “हे आपलं वातावरणनिर्मितीसाठी.”

“माझी कागदपत्रं परत द्या.”

“एकदा जमा झालेली कागदपत्रं अशी मिळत नाहीत. अर्ज करा. आठ दिवस लागतील.”

घड्याळात पावणेचार झाले होते. मामा चाचरत म्हणाला, “जाऊ दे ना ताई, इमारत तरी चांगली आहे.”

“इमारतीत राहायचंय तिला, की शिकायचंय?” आई कडाडली. “चौदा वर्षं मी उभ्यानं काम केलंय. माझी पोर काय चहाचे कप मोजायला इंजिनिअर होणार?”

तेवढ्यात पालकांचा दुसरा घोळका दारात आला. आईने माझे झाकण सताड उघडले आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, “या ना! तुम्हीपण बघा. आधुनिक यंत्रशाळा आतून कशी असते ते बघा.”

टायवाला पांढराफटक पडला. “मॅडम, हळू बोला जरा.”

“कागदं आणा, मग हळू बोलते.”

मित्रांनो, आठ दिवसांचे काम नऊ मिनिटांत झाले! मुलगी कागदपत्रे छातीशी धरून दाराकडे धावली, मग मागे फिरली आणि आईची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन म्हणाली, “चल लवकर. चुकलं माझं.”

त्या पोचल्या की नाही, हे मला पुढच्या वर्षी कळले. मामा स्वतःच्या मुलीला घेऊन आला होता. “भाची त्या जुन्या कॉलेजात आहे,” तो टायवाल्याला ऐटीत सांगत होता. “पाच मिनिटं उरली होती, तेव्हा पोचलो आम्ही. आता स्वतः जॉब काढते!” ऐकून मला आनंद झाला. पण राग गेला नाही. कारण त्या दुपारी घोळक्यातल्या निम्म्या पालकांनी माझे पोकळ पोट बघूनही सह्या केल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी माझे झाकण वेल्डिंग करून कायमचे बंद केले गेले.

रोज सकाळी एक बाई मला सुगंधी पाण्याने पुसतात. पाहुणे म्हणतात, किती छान निगा राखली आहे! मित्रांनो, याला निगा म्हणत नाहीत. यंत्राची निगा म्हणजे तेल, धार आणि काम. कॉलेज निवडायला जाल तेव्हा माझ्यासारख्यांना नुसते बघून माना डोलवू नका. चालवायला सांगा, आणि चालले नाही तर तिथल्या तिथे भांडा. मी भांडू शकत नाही. तुम्हाला तोंड आहे.