चिकटपट्टीच्या भिंती

इंटीरियरवालीचा एक नियम होता. तळघराचा नकाशा कागदावर काढण्याआधी तो जमिनीवर काढायचा. पांढऱ्या चिकटपट्टीने भिंती आखायच्या, दारांच्या जागी फट सोडायची आणि घरातल्या सगळ्यांनी घटकाभर त्यात वावरून बघायचं. पट्टी ओलांडायची नाही, दारातूनच जायचं.

"कागदावर हत्तीसुद्धा मावतो," ती म्हणाली. "इथे चालून बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

म्हणून शनिवारी दुपारी सगळं घर तळघरात उतरायचं ठरलं होतं. तिने दोन मोठे दिवे लावून ठेवले होते, त्यांच्या उजेडात भिंतीवरचे ओलीचे डागसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसत होते. मधोमध खांब, कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी आणि या दोघांना चुकवत थिएटर आणि ऑफिस बसवायचं होतं.

ऑफिस सुनेला हवं होतं. दोन वर्षं ती जेवणाच्या टेबलावर काम करत होती. तिचा लॅपटॉप उठायचा तेव्हा ताटं बसायची. थिएटर नवऱ्याला हवं होतं, पण स्वतःसाठी नाही, वडिलांसाठी. सासऱ्यांनी उभी हयात सिनेमागृहाच्या मशीनखोलीत काढली होती. पडद्यावरचं चित्र केसभर पुसट झालं की प्रेक्षकांच्या आधी त्यांना कळायचं, अशी त्यांची ख्याती.

"खांबाच्या अलीकडे थिएटर, पलीकडे ऑफिस," नवरा पट्टी ताणत म्हणाला.

"हे ऑफिस नाही, कपाट आहे. खुर्ची मागे सरकवली की मी थेट टाकीच्या मांडीवर."

"ऊब मिळेल की थंडीत."

"मग तूच बस ऊब घेत."

इंटीरियरवाली हसू दाबत पट्टी कापत राहिली. असली भांडणं तिच्या रोजच्या धंद्यातली.

तेवढ्यात जिन्यावरून हुकूम ऐकू आले. "आजोबा, पायरी. अजून एक. आता वाका, वर तुळई आहे!" आठ वर्षांची नात आजोबांचा हात धरून त्यांना खाली आणत होती. या बडबडीमुळेच घरात तिचं नाव कंडक्टर पडलं होतं. शाळेत, पोहायला, मैत्रिणीकडे, तिला सगळीकडे आजोबाच गाडीने नेत. सुनेला या जोडगोळीचं कौतुक होतं. सोयही होती, खोटं कशाला बोला. आत्तासुद्धा सासऱ्यांच्या खिशात गाडीची किल्ली खुळखुळत होती. इथलं आटोपलं की दोघं पोहायच्या क्लासला निघणार होती.

"कंडक्टर, वर जाऊन बॅग भर," सून म्हणाली. "टॉवेल विसरू नकोस, मागच्या वेळी आजोबांचा रुमाल ओला करून आणलास."

नात धाडधाड वर पळाली. सासरे एकटे उभे राहिले.

"या बाबा, थिएटरमध्ये या," नवऱ्याने हाक मारली.

सासरे आवाजाच्या रोखाने निघाले ते सरळ. दार उजवीकडे राहिलं. त्यांनी ऑफिसची एक भिंत ओलांडली, सुनेच्या न आलेल्या टेबलावरून चालत गेले आणि दुसऱ्या भिंतीतून थिएटरात उतरले.

"बाबा, भिंतीतून आलात तुम्ही!" नवरा खो खो हसला.

सासरे किंचित थबकले. "सिनेमात सगळं चालतं," ते म्हणाले आणि सगळेच हसले. सूनही हसली.

इंटीरियरवालीने समोरच्या राखाडी भिंतीवर पडद्याच्या मापाची पांढरी चादर चिकटवली होती. नवऱ्याने वडिलांना तिच्यासमोर खुर्चीत बसवलं आणि तो भिंतीकडे पाठ करून खांबापर्यंतचं अंतर मोजायला वाकला. इंटीरियरवाली आकडा लिहून घेत होती. ओल धरलेल्या भिंतीवरून चादरीचा एक कोपरा सुटला. मग दुसरा. मग ती सगळीच घसरली आणि आवाज न करता खाली गोळा होऊन पडली. ते फक्त सुनेने पाहिलं. ती सांगणारच होती.

"बाबा, पडदा कसा वाटतो?" नवऱ्याने मान वर न करता विचारलं. "खांब आड येत नाही ना?"

सासऱ्यांनी जाणकारासारखी मान तिरकी केली. उघड्या भिंतीकडे नीट निरखून पाहिलं.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "पांढराशुभ्र. डावी बाजू दोन बोटं खाली घ्या, बाकी हात लावू नका."

नवऱ्याने वळून पाहिलं. त्याच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. इंटीरियरवालीचं पेन हवेतच राहिलं.

थट्टा करतायत, असं सुनेला आधी वाटलं. पण सासरे हसत नव्हते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर. ते तिच्यातून आरपार भिंतीकडे बघत राहिले.

"काय रे? सगळे गप्प का झालात?"

"बाबा," ती म्हणाली, "पडदा खाली पडलाय. तुम्ही बोलायच्या आधीच पडलाय."

सासऱ्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले.

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं थोडं. तुमचे चेहरे नाहीत, कान दिसतात."

"कधीपासून?" नवरा जवळ आला.

"गेल्या थंडीपासून. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने भागणार नाही."

"आणि गाडी?" सुनेने विचारलं. काल संध्याकाळी ही दोघं अंधार पडल्यावर घरी आली होती. तिने दार उघडून फक्त एवढंच विचारलं होतं, उशीर का झाला.

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ आहे, बाबा. रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. खिशातून किल्ली काढून पुढे केली, पण सुनेच्या हाताच्या वीतभर बाजूला. तिलाच हात सरकवून घ्यावी लागली.

"किल्ली गेली की पोरगीही गेली माझ्या हातून," ते पुटपुटले. "म्हणून बोललो नाही."

वरून हाक आली, "आजोबा, चला ना, उशीर होतोय!"

गाडी सुनेने काढली. आज आई कशी काय, याचं नातीला नवल वाटलं, पण ती सवयीने पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि पाठ ताठ केली. शाळेकडे जाणाराही हाच रस्ता. हेच वळण, हीच पोरं चेंडूमागे धावणारी.

"सायकलवाला, डावीकडे," नात म्हणाली.

पुढे चौक आला.

"लाल! थांब, थांब!"

गाडी आधीच थांबली होती. नातीने आधी समोरच्या दिव्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिचे डोळे विस्फारले.

"आई, तुला न सांगताच दिसलं?"

मागे हॉर्न वाजायला लागले. एकाचे दोन झाले. सुनेचा पाय ब्रेकवरून उचलेना.

"आई," कंडक्टर समजावणीच्या सुरात म्हणाली, "हिरवा झालाय. आता जायचं असतं."