मागचं बाक

न्यू ऑर्लिन्सची जुनी ट्राम शेवटच्या थांब्यावर वळत नाही. बाकांच्या पाठी उलटवायच्या, आणि मागचं टोक पुढचं होतं. ट्रामचालक अल्सीड पाठी उलटवू लागला की म्हाताऱ्या ओझेनमावशी उठून पार दुसऱ्या टोकाला, नव्या मागच्या बाकाकडे निघायच्या.

"मावशी, 'काळ्यांनी मागे बसायचं' हा आपल्यासाठीचा बोर्ड काढून साठ वर्षं झाली."

"तुला दिसत नाही, तुझं नशीब."

मावशी गेल्या त्याला आज आठवडा झाला. भर दुपारी, पर्यटक फोटो काढत असताना, अल्सीडने सगळ्यात शेवटी त्यांच्या रिकाम्या बाकाची पाठ उलटवली.

"आता तरी बसा इथंच, पुढे," तो पुटपुटला.

मधल्या वाटेच्या लाकडी फळ्या एकेक करत करकरल्या, पार दुसऱ्या टोकाच्या, नव्या मागच्या बाकापर्यंत.