बसणाऱ्यांची यादी

सामना संपला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि फुटबॉल महासंघाच्या ऑफिसात माणसं होती दोनच. बाई आणि शिपाईकाका. बाकी झाडून सगळे, सचिवसाहेबांपासून ते साहेबांच्या मेहुण्यापर्यंत, संघाबरोबर परदेशी गेले होते. खेळायला अकरा जण लागतात, पण बघायला पंचवीस जावे लागतात, आणि त्या पंचविसांत कारकून बाईचा नंबर कधी लागत नाही. हे काय नव्यानं सांगायला हवं?

पण बाईंना आज त्याचं काही नव्हतं. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं हा देश मोठ्या स्पर्धेच्या दारापर्यंत जायचा आणि नाक आपटून परत यायचा. तसं पात्र ठरायचं गणित साधं. गटात चार संघ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरलात तर काही नाही. सहा सामने झाले की जो पहिला येईल तो स्पर्धेला जाणार, उरलेले तिघं टीव्हीसमोर बसणार. आजचा सहावा सामना, आणि हवा होता फक्त एक गुण. ऐंशी मिनिटं होऊन गेली तरी संघ एका गोलनं मागे. काका तर तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले होते. आणि मग अकरा नंबरचं ते बुटकं पोरगं, ज्याला अख्खा देश लाडानं वाटाणा म्हणतो, ते तीन दांडग्यांच्या पायांतून घरंगळत गेलं आणि बॉल जाळ्यात! एक-एक. बरोबरी. पात्र!

काकांनी बाईंच्या टेबलावरची घंटी बडवली, खुर्ची उचलली, परत ठेवली, आणि "मी पेढे... नाही, जिलबी... काहीतरी आणतो" म्हणून जे जिना उतरले ते काही परत आले नाहीत. माणूस आनंदात विसरतो, त्यांचा दोष नाही.

बाईंनी डोळे पुसले, चहाचा कप जवळ ओढला आणि कार्डांची वही उघडली. आता कोणी म्हणेल, अशा वेळी वही कसली उघडता? पण आजचं काम उद्यावर टाकलं की बाईंना झोप लागत नाही. स्वभावाला औषध नाही.

ही वही म्हणजे बाईंचं राज्य. कोणत्या सामन्यात कोणाला पिवळं कार्ड मिळालं ते त्यात लिहायचं. दोन वेगवेगळ्या सामन्यांत दोन पिवळी झाली की तो खेळाडू पुढच्या सामन्यात बाहेर बसणार, नियम म्हणजे नियम. प्रत्येक सामन्याआधी बाई प्रशिक्षकांना एक कागद पाठवत. ऑफिसात त्याला 'बसणाऱ्यांची यादी' म्हणत. वहीत नावं नसत, नुसते नंबर. एकदा कुठल्याशा खेळाडूच्या नावात बाईंनी एक काना जास्त दिला होता, तेव्हा साहेबांनी चार लोकांत सुनावलं होतं. त्या दिवसापासून बाईंनी नावांना हात जोडले. संघाचे नंबर सहाही सामन्यांत तेच राहतात, मग कशाला ती भानगड?

आजची दोन कार्डं लिहिली. सहज नजर वर गेली. तिसरा सामना: ४, ११. पाचवा सामना: ७, ११.

बाईंनी वही लांब धरली. मग जवळ आणली. चष्मा पदरानं पुसला, पुन्हा बघितलं. ११ आणि ११.

म्हणजे वाटाण्याची दोन पिवळी झालेली. म्हणजे आज वाटाणा बसायला हवा होता. आणि आज वाटाण्यानंच तर...

"अगं आई गं," बाई रिकाम्या ऑफिसात मोठ्यानं म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात पाठवलेल्या यादीची प्रत फाइलमध्ये होती. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: कोणी नाही. खाली त्यांचीच सही. त्या दिवशी दाढ ठणकत होती, डॉक्टरची वेळ चारची, आणि यादी केली पावणेचारला, गालावर हात दाबून. वही नीट बघितली होती का? आठवेना. काही केल्या आठवेना. दाढ तेवढी लख्ख आठवत होती.

बसायचा खेळाडू खेळवला तर काय होतं हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं, नियमांचं पुस्तक त्यांनीच तर टाइप केलं होतं. सामना शून्य-तीन असा समोरच्याच्या नावावर. गुण त्यांना, पहिला नंबर त्यांना, स्पर्धा त्यांना. त्यांनी फक्त उद्या संध्याकाळपर्यंत तक्रार करायची. आणि तिकडेही कोणीतरी कारकून असेलच की, अशीच वही घेऊन बसलेला.

खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. पोरं टपांवर चढून "वा-टा-णा! वा-टा-णा!" ओरडत होती.

आता खोटं कशाला बोलू, एक क्षण त्यांच्या मनात आलं. चहाचा कप वहीच्या अगदी काठाशी होता. वही ऑफिसात एकच. जरा धक्का लागला असता तर कोणाला काय कळलं असतं? 'सांडला हो, आनंदात हात लागला.' बाईंनी कपाकडे बघितलं, कपानं बाईंकडे. मग त्यांनी कप उचलून थेट खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवला, वहीपासून दहा हात लांब. चुकलंय तर चुकलंय, पण चूक झाकायला एवढ्या वर्षांची नोकरी वापरायची? थू!

साहेबांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. तिकडे तो माणूस खांद्यावर नाचत असणार, फोन कुठे ऐकू येतोय. बाईंनी किती वेळा लावला ते त्यांनी मोजलं नाही. शेवटी वही पिशवीत घातली, पिशवी छातीशी धरली, ऑफिसला कुलूप लावलं आणि जिना उतरल्या. अशा वेळी माणूस कुठे जातो? आपल्या माणसाकडे.

खाली टायरवाल्यानं गाठलंच. त्याचं दुकान ऑफिसच्या बरोबर खाली, त्यामुळे महासंघ म्हणजे आपलाच वरचा मजला, असा त्याचा समज. "बाई! करून दाखवलंत हां तुमच्या ऑफिसनं! तुमचाही वाटा आहे बरं त्यात!"

"आहे हो, चांगलाच आहे," बाई म्हणाल्या आणि पुढे सटकल्या.

चौकात एका अनोळखी आजोबांनी त्यांच्या हातात झेंडा दिला. एका बाईनं तोंडात बर्फीचा तुकडा कोंबला. ओरडणाऱ्या, रडणाऱ्या, एकमेकांच्या गळ्यात पडणाऱ्या त्या अख्ख्या गर्दीतून बाई चालल्या होत्या, एका हातात झेंडा, काखेत सगळ्यांच्या आनंदाचा गळा घोटणारी वही, आणि गिळवत नाही, थुंकवत नाही अशी बर्फी. उद्या हेच लोक काय म्हणतील? हीच ती, म्हणतील. दाढ दुखत होती म्हणे.

बाईंच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. दुकान लहान, नजर तपासायचा तक्ता मोठा. आज तक्त्यावर सगळ्यात वरच्या ओळीत खडूनं भलामोठा '११' लिहिलेला होता, आणि खाली नवरा स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "दिसतंय का? दिसतंय का?" विचारून हसत होता.

"अहो, ते पुसा आधी," बाई आत येत म्हणाल्या, आणि तिथेच बाकावर बसून हमसून हमसून रडायला लागल्या.

नवऱ्यानं शटर अर्धं ओढलं. पाण्याचा ग्लास दिला. बाईंनी रडत रडत सगळं सांगितलं, दाढेपासून चहाच्या कपापर्यंत. "नोकरी गेली तर गेली हो. पण चाळीस वर्षांनी आलेला घास, आणि माझ्या हातून... त्या पोराला लोक काय म्हणतील? त्यानं बिचाऱ्यानं गोल केला ना!"

"बघू ती वही."

"बघायचंय काय त्यात? दहा वेळा बघितली मी."

"या चष्म्यातून? वर्षभर सांगतोय, नंबर वाढलाय, नवीन करून देतो. तर उद्या, परवा. चष्मेवाल्याची बायको आणि ही अशी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आण इकडे."

त्यानं वही दिव्याखाली धरली. तिसरा सामना बघितला. पाचवा बघितला. आणि मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हे काय लिहिलंयस?"

"अकरा."

"आणि हे?"

"अकराच. डोळे फुटले का तुमचे?"

"माझे नाहीत," नवरा म्हणाला. "हा अकरा. आणि हा, बाईसाहेब, एकोणीस. हा एक नाहीये, तुझा नऊ आहे. जगात कोणाला नाही ओळखता येणार, पण मला येतो. या नऊपायी मी तुझ्या बाबांचं घर रंगवलंय!"

तेवढ्या रडण्यातही बाईंना हुंदक्यासकट हसू फुटलं. कारण ते खरं होतं. लग्नाआधी बाईंनी त्याला चिठ्ठी धाडली होती, ९ तारखेला बाबांना भेटायला या. हा पठ्ठ्या १ तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर! बाबा बनियनवर, शिडीवर, हातात चुन्याची बादली. कोण तू, कशाला आलास, हे विचारायच्या आत त्यांनी त्याच्या हातात ब्रश दिला. आठ दिवस रंगवत होता तो. नऊ तारीख उजाडली तेव्हा बाबा म्हणाले होते, आता वेगळं काय भेटायचं?

"तेव्हापासून सांगतोय, तुझ्या नऊला वळण नाही," नवरा म्हणाला. "बघ, भिंग घे. एकाचं पोट बंद असतं. याचं उघडं आहे की नाही?"

बाईंनी भिंगातून बघितलं. पोट उघडं होतं. असावं. की त्यांना तसं दिसायला हवं होतं?

"तुम्ही माझी समजूत काढताय."

"समजूत काढायला मी खोटं बोलेन का? नऊ आहे तो!"

"आणि एकोणीसचं आधी एखादं पिवळं असलं तर? मग तोही बसायला हवा होता." बाईंनी वही ओढली आणि पहिल्या सामन्यापासून एकेक ओळ बोटानं तपासली. एकोणीस नंबर म्हणजे तो उंच बचावपटू, शिडी. त्याचं दुसरं कुठेच काही नव्हतं. तरीही त्यांनी भिंग पुन्हा उचललं. एका बाजूला एक पोट, उघडं की बंद, आणि दुसऱ्या बाजूला अख्खा देश.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. मागे ढोल वाजताहेत की डबे, देव जाणे.

"बाई! सतरा मिस्ड कॉल! आग लागली का ऑफिसला?"

बाई उभ्या राहिल्या. आता विचारलं की गुपित गुपित राहत नाही, हे त्यांना माहीत होतं. चुकलं असेल तर याच मिनिटाला साहेबांना कळणार. तरी विचारलं. "साहेब, पाचव्या सामन्यात दुसरं पिवळं कोणाला मिळालं होतं? वाटाण्याला का?"

"काय? ऐकू येत नाहीये!"

"वाटाण्याला!" बाई किंचाळल्या. "पिवळं! पाचव्या सामन्यात!"

"वाटाण्याला कुठे? शिडीला! रेफरीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला गाढव. मी समोरच होतो की. का हो?"

नवऱ्यानं स्टूल सरकवलं आणि बाई त्यावर बसल्या. "काही नाही साहेब," त्या म्हणाल्या. "वही लावत होते."

"आज? वही?" साहेब गडगडून हसले. "बाई, आज सकाळी प्रशिक्षक मला विचारत होते, यादी पक्की ना? मी म्हटलं, यादी बाईंनी केलीय, डोळे मिटून खेळवा." आणि फोन कटला.

म्हणजे दाढ ठणकत होती तरी यादी बरोबर होती. गालावर हात दाबून का होईना, त्यांनी वही नीट वाचली होती. चुकलं होतं ते आज, भीतीनं. छातीवरची धोंड उतरली तशी त्यांना कळलं की बर्फी अजून गालातच आहे. त्यांनी ती चावली. चांगली होती हो बर्फी.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. पाचव्या सामन्यापुढे त्यांनी अक्षरात लिहिलं: एकोणीस. खाली रेघ मारली. मग नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे आपण... अहो, म्हणजे आपण स्पर्धेला गेलो?"

"गेलो की. दोन तास झाले जाऊन."

बाईंनी झेंडा उचलला, अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आल्या आणि भर रस्त्यात उभं राहून जी आरोळी ठोकली, ती ऐकून समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. रस्ता तोवर बराच निवला होता. लोक दमून घरी निघाले होते, पोरांचे घसे बसले होते, टायरवाला दुकान बंद करून सायकल ढकलत चालला होता. तो थबकला. बाई झेंडा हलवत होत्या, नाचत होत्या, रडत होत्या, आणि नवरा दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"काय हो बाई," टायरवाला म्हणाला, "तुम्हाला आत्ता कळलं का?"

"हो," बाई धापा टाकत म्हणाल्या. "आत्ताच कळलं!"